सव्वाअकराला संपणारी टाकी

उत्कर्षा पेंढारकर गणित शिकवते. मुलींची शाळा, सरोजिनी नगरात, कानपूर रोडपासून जरा आत. तिचे वडील रेल्वेत इंजिनिअर होते, मी त्यांच्या हाताखाली छत्तीस वर्षं फिटर. म्हणून ती मला काका म्हणते, आणि म्हणूनच कामाला लावते.

तिचा वर्ग विद्यापीठाशी जोडलेला आहे. शनिवारी तिथले विश्वास सर येतात. पुस्तक बंद. शाळेतलीच एखादी अडचण घ्यायची आणि तिच्यातून गणित-विज्ञान काढायचं. या वेळची अडचण पाण्याची. गच्चीवरची हजार लिटरची टाकी सकाळी आठला भरते, मग दिवसभर नवं पाणी येत नाही, आणि सव्वाअकराला नळ कोरडे. मुलींनी आठवडाभर नळांखाली बादल्या लावून खर्च मोजला. तासाला दोनशे लिटर. म्हणजे पाणी एकपर्यंत पुरायला हवं.

प्राचार्य वैतागले. "मॅडम, तीन हफ्ते से टंकी! सिलेबस कौन पूरा करेगा? शनिवार को जवाब नहीं मिला, तो ये क्लास बंद."

त्या शनिवारी आठ वाजता तिनं मला गच्चीवर शिडी धरायला बोलावलं. मी चढून झाकण उचललं, आत पाहिलं आणि कळलं. बोलणार तोच ती म्हणाली, "काका, एक शब्दही नाही."

"अगं, वर्ग बंद होईल!"

"होऊ दे. तुम्ही सांगितलंत तर तसाही बंदच झाला."

विश्वास सर काहीतरी सुचवू लागले. त्यांनाही तिनं गप्प केलं. प्राचार्य घड्याळ बघत उभे.

वर्कशॉपात मी चुकलो की उस्ताद हातातला पाना काढून घ्यायचा. मीही नव्या पोरांच्या हातून तसाच काढून घेतला. गप्प राहणं मला जमत नाही. वीस मिनिटं राहिलो.

मुली पुन्हा पुन्हा भागाकार करत होत्या. भागाकार बरोबरच होता. शेवटी त्यांच्यातली सलोनी म्हणाली, "मॅम, हजार लीटर तो टंकी पे लिखा है. नापा किसने?"

कुणीच नाही. सरांनीही नाही.

सलोनीनं वर चढून काठी बुडवली. टाकी शंभर सेंटिमीटर उंच, काठीला ओल पासष्टपर्यंत. टाकी वाहू नये म्हणून कुणा प्लंबरनं आतल्या तरंगत्या बॉलचा दांडा खाली वाकवून ठेवला होता. पाणी तिथवर आलं की भरणं थांबायचं. असे दांडे मीही बरेच वाकवलेत.

साडेसहाशे भागिले दोनशे. सव्वातीन तास. आठपासून मोजले तर सव्वाअकरा.

"चलिए, एक महीना और," प्राचार्य म्हणाले.

"पूरा साल, सर. नहीं तो बंद करने का लिखकर दीजिए," उत्कर्षा म्हणाली.

त्यांनी लिहून दिलं नाही. जिना उतरून गेले. पुढच्या शनिवारी वर्ग भरला, अजून भरतो.

त्या दिवशी, प्राचार्य गेल्यावर, मी पिशवीतून पाना काढला. सलोनीनं तो माझ्या हातातून घेतला. "हम करेंगे, अंकल."

दोनदा तिनं दांडा चुकीच्या बाजूला वाकवला. मी शिडी धरून ठेवली. तिसऱ्या खेपेला सरळ झाला.