बंडूच्या खालून कुर्डुवाडीपर्यंत

तालमीतले किस्से आता कुणाला सांगायचे नाहीत, असं मी दरवेळी ठरवतो. मग कुणीतरी चहा मागवतं, कुणीतरी बंडूचं नाव काढतं आणि एकातून दुसरा निघत जातो. आता चहा आलाच आहे, तर ऐका.

मी सोलापूरच्या पूर्व भागात मेडिकल चालवतो. संध्याकाळी तासभर तालमीत जातो. वजन साठ किलो, तेही जेवल्यावर! आमचे वस्ताद आप्पा. रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. त्यांचा एक नियम आहे, तो दुसऱ्या कुठल्या तालमीत सापडायचा नाही. हलक्या माणसाला पालथं झोपवायचं आणि त्याच्या पाठीवर बंडूला टाकायचं. बंडू म्हणजे आमचा कडक भाकरीवाला. तालमीच्या दारातून तिरका होऊन आत येतो. खालच्याने सोलापूरपासून एकेक स्टेशनचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि कुर्डुवाडी यायच्या आत खालून निघायचं.

"बोलतोय म्हंजी श्वास चालू हाय," आप्पा सांगतात. "श्वास चालू हाय म्हंजी डोकं चालू हाय. डोकं चालू असलं की माणूस निघतोय."

*

माझा पहिला दिवस. बंडू पाठीवर आला आणि मी दोन्ही हात मातीत रोवून त्याला उचलायला गेलो. बाळे म्हणालो, पाकणी म्हणालो, पुढे आवाजच फुटेना.

"गाडी का थांबली?" आप्पा ओरडले.

मी नुसता हात हलवला.

"आरं, वजन उचलायचं न्हाय, वजनाखालनं सरकायचं! अंगावर कपाट पडलं तर तू कपाट उचलत बसतोस व्हय? कोपर गुडघ्याला भिडव, कंबर एका अंगाला काढ, गुडघा आत घे. मग बघ."

पुढच्याच आठवड्यात दुकानात माळ्यावरून सलाइनचे खोके माझ्या अंगावर कोसळले. मी खाली शांतपणे कोपर गुडघ्याला भिडवलं आणि सुरू केलं, "बाळे, पाकणी, मुंढेवाडी..." मोहोळच्या आत बाहेर! उठून बघतो तर गिऱ्हाईक समोरच्या मेडिकलमध्ये गेलेलं.

*

आमच्यात सगळ्यात तयार रेखा. पोलिसात कॉन्स्टेबल आहे, अंगाने काडी. बंडूचं ओझं पाठीवर घेऊन ती गल्लीत गप्पा माराव्यात तशी बोलते. "बाळे आलं. पाकणी आली. मुंढेवाडीला कोण उतरतंय का?" बोलता बोलता कंबर कधी सरकते, कळतच नाही. एकदा ती अशी सटकन निघाली की बंडू तोंडावर पडला.

रेखा हात झटकत म्हणाली, "बंडूदादा, उतरा, मोहोळ आलं!"

बंडू त्या दिवशी दोन भाकऱ्या कमी जेवला म्हणे. त्याच्या बायकोने मला दुकानात येऊन विचारलं, काय झालं म्हणून.

*

व्यंकटेश चादरीच्या कारखान्यात आहे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. अडचण एकच, त्याला गुदगुल्या फार होतात. बंडूचं पोट पाठीला लागलं की हा हसायला सुरू! "अय्यो, अय्यो" करत लोळतो, बाळेच्या पुढे गाडी जात नाही.

मी आप्पांना म्हटलं, "ह्याला नापास करा."

"नापास कशाला? हसतोय म्हंजी श्वास चालू हाय की!"

*

आता ह्यात एक गोम होती, ती आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. बंडू कायम वर. त्याला खाली घालणारा तालमीत कुणी नव्हताच.

गेल्या वर्षी मोहोळजवळच्या त्याच्या गावच्या यात्रेत कुस्ती होती. जोड होता अनगरचा महादू. हा बंडूहून मोठा! त्याने बंडूला खाली घेतलं. बंडूने श्वास धरला, अंग ताठ केलं आणि घाबरून स्वतःच उलटला. पाठ टेकली. घरच्या मैदानात, सगळ्या भावकीसमोर. वर महादूने हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "अनगरला आलास तर जेवायला ये." झालं! बंडूने गावाकडे पाऊलच टाकलं नाही. म्हातारी आई फोन करून करून थकली.

यंदा पुन्हा तीच जोड लागली. बंडू आप्पांसमोर येऊन बसला. रडवेला झाला होता, खोटं कशाला सांगू?

"आप्पा, औंदा हरलो तर लंगोट खुंटीला. गावात तोंड दावायला बी जाणार न्हाय. खाली गेलो की मला कायबी सुचंना झालंय."

"तुला खालचं काय म्हाईत आसनार?" आप्पा म्हणाले. "जल्मभर दुसऱ्याच्या पाठीवर बसलास. व्यंकटेश, एक डबल चादर आण."

मला आणि व्यंकटेशला एका चादरीत गुंडाळलं, रेखाने वरून दोरी बांधली आणि आमचं गाठोडं बंडूच्या पाठीवर ठेवलं. बंडूने डोळे मिटले. "सोलापूर... मोहोळ... कुर्डुवाडी!"

"मधली टेशनं कुटं गेली? एक्सप्रेस हाय व्हय?"

"मी कायम वरच की आप्पा! मला टेशनं कुठनं पाठ आसनार?"

मग भाकरी थापताना पाठांतर सुरू झालं. जमलं एकदाचं. एके दिवशी तो असा मोकळा निघाला की आमचं गाठोडं गडगडत कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कठड्याला जाऊन आदळलं. व्यंकटेश हसतोय, मी गुदमरतोय, दोरीची गाठ काही सुटेना.

आप्पा लांबूनच म्हणाले, "तुमी दोगं बी टेशनं म्हना!"

*

एकच नाव बंडू घेईना. मोहोळ, मलिकपेठ म्हणायचा आणि थेट वाकावला जायचा. मधलं अनगर गायब.

"त्या गावाचं नाव मी तोंडातनं काढणार न्हाय," तो म्हणाला. आप्पांनीही सोडून दिलं.

यात्रेच्या दिवशी आम्ही सगळे आखाड्याच्या कडेला बसलो. बंडूची आई बायकांत पुढेच होती, पदर तोंडाला लावून. हलगी कडाडली, सलामी झाली आणि थोड्या वेळातच महादूने पट काढून बंडूला खाली घेतलं. अख्खा महादू पाठीवर! बंडूचं तोंड मातीत, अंग ताठ, आवाज नाही. गेल्या वर्षीचंच सगळं. आईने डोळे मिटून घेतले.

"बंडूदादा, बाळे!" रेखा जिवाच्या आकांताने ओरडली. "बाळे म्हणा!"

पंच वळून बघायला लागला. हलगीवाले थांबले. आणि खालून, मातीतून, बारीक आवाज आला, "बाळे..."

आप्पांनी माझा हात घट्ट धरला.

"पाकणी... मुंढेवाडी..." कोपर गुडघ्याला भिडलं. "मोहोळ..." कंबर जराशी सरकली. महादूने पुन्हा दाबलं. "मलिकपेठ..." बंडू धापा टाकत होता, पण बोलत होता. "वाकाव..."

महादूचं दाबणं थांबलं. त्याने मान वर केली.

"आरं," तो म्हणाला, "मधलं अनगर कुटं गेलं?"

बंडूचा गुडघा आत गेला, कंबर निघाली, धुरळा उडाला. बघतो तर महादू आभाळाकडे तोंड करून पडलेला आणि बंडू त्याच्या छातीवर! पंचाची शिट्टी वाजली, माणसं आखाड्यात घुसली, आई फेटेवाल्यांना ढकलत पुढे आली.

बंडूने महादूला उठवायला हात पुढे केला. दम लागला होता, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आलं बघ अनगर. उतर!"