पोपटरावांची बारावी डबी

शिरूरजवळच्या शाळेत कोविड सेंटर सुरू झालं तेव्हा झाडलोटीला कोणी तयार होईना. कवठे येमाईची म्हाळसाबाई पदर खोचून दारात येऊन उभी राहिली. वय साठीचं, पण चाल अशी की बघणाऱ्यानं आपोआप वाट द्यावी. बापाच्या मेंढरांमागं रानोमाळ फिरलेली ती. नाटकातली राणी फिकी पडावी असा तिचा थाट!

एक दिवस डॉक्टर तेजश्री बारा रिकाम्या डब्या घेऊन आल्या. घशाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी काही रुग्णांच्या शौचातून विषाणू बरेच दिवस बाहेर पडत राहतो. तेच त्यांना तपासायचं होतं. डब्या बघताच सगळ्या वॉर्डानं भिंतीकडं तोंडं फिरवली.

"म्याडम, मी आनते," म्हाळसाबाई म्हणाली. "बारा म्हंजी बारा."

कुणाला दटावून, कुणाला हसवून तिनं अकरा डब्या मिळवल्या. राहिले केंदूरचे माजी सरपंच पोपटराव. त्यांच्या घरी येत्या रविवारी पहिल्या नातीचं बारसं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मान वळवून डबी पुढं केली. म्हाळसाबाईनं ती खिडकीच्या उजेडात धरली अन् तिच्या भुवया वर चढल्या.

"सरपंच, तुमी बाभळीच्या शेंगा कवापासनं खाया लागला?"

"काय बरळतीस?"

"ह्यात बाभळीचं बी हाय. बाहेर चरतीय ती शेळी पॉझिटिव्ह हाय का, ते बगायचं व्हय आपल्याला?"

वॉर्ड खदखदा हसला. पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी ओरडलं, "सरपंच, शेळीलाबी कॉट द्या की!"

पोपटराव लाल झाले, मग एकदम खाली बसले. "बाई, रिपोर्ट वाईट आला तर मला इथंच ठिवतील. नातीचं तोंड न्हाई बगितलं अजून."

म्हाळसाबाईचा आवाज उतरला. "आमच्या आबाच्या कळपात हगवनीतनं उठलेलं मेंढरू चराया लागलं तरी लगीच कोकरांत सोडत नव्हते. आदी लेंडी बगायचे, तवर येगळ्या वाघरीत, जाळीच्या कुंपनात ठिवायचे. कोकरापायी ठिवायचे, सरपंच."

पोपटरावांनी नवी डबी मागून घेतली. तासाभरानं खरी डबी आली. बारा पुऱ्या झाल्या!

शुक्रवारी रिपोर्ट आले. चौघांच्या नमुन्यात विषाणू सापडला. त्यांत पोपटराव होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"घसा निगेटिव्ह आहे, घरी जा," तेजश्री म्हणाल्या. "यातून दुसऱ्याला लागण होतेच, असं अजून कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. पण बाळ आहे घरात. पंधरा दिवस संडास वेगळा, अन् साबणानं हात स्वच्छ."

"म्हंजी वाघर," पोपटराव म्हणाले अन् स्वतःच हसले.

रविवारी केंदूरला मोजकीच माणसं होती. पोपटराव मळ्यातला संडास वापरत होते. अंगणात, सगळ्यांसमोर, कोपरापर्यंत फेस करून त्यांनी हात धुतले अन् मास्क सारखा केला. मग उंबऱ्याशी संकोचून उभ्या राहिलेल्या म्हाळसाबाईला हाक मारली. सेंटरात काम करते म्हणून गावची माणसं तिच्या सावलीपासून लांब सरत, तिला!

"म्हाळसाबाई, पाळन्याखालनं पोर तुमी द्यायची. शेळीची चोरी धरनारी बाई, माज्या घरात तुमचा मान पयला."

पाळण्याखालून तिनं बाळ पुढं केलं. पलीकडं हात पसरून खुद्द आजोबाच बसले होते.