भुकेच्या टेबलावर

इटलीला मी जीप मागायला गेले होते. पत्रात लिहिलं होतं, कॅथलिक मिशनच्या आंतरराष्ट्रीय संमेलनाच्या प्रतिनिधी. प्रतिनिधी कसली, नमुना म्हणून नेलं मला. दांडेलीजवळ जोयड्याच्या जंगलातल्या शाळेत शिकवणारी, इंग्रजी बोलणारी आणि तरीही साध्या लुगड्यातली बाई आमच्या फादरना दुसरी कुठे मिळणार होती?

जीप मात्र खरोखरच हवी होती. बाळंतपणात बाई अडली की घोंगडीची झोळी बांबूला बांधून माणसं तिला खांद्यावरून रामनगरच्या दवाखान्यापर्यंत नेत. आदल्या वर्षी कुणबी वाडीवरची एक पोर अशीच वाटेत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. विशीचीही नव्हती. लाकडाच्या लॉऱ्यांनी जंगलात वाट पाडली होती, जीप वाडीपर्यंत सहज आली असती. संमेलनात आपली गरिबी नीट मांडा, जीप मिळेल, असं फादर म्हणाले.

संमेलनात मांडायला गरिबांच्या खाण्याचा नमुनाही मागवला होता. मी त्या गेलेल्या पोरीच्या सासूकडे गेले. "अव्वा, तुम्ही काय खाता ते परदेशातल्या लोकांना दाखवायचंय," म्हटलं. म्हातारीने पेज दाखवली नाही, नाचणी दाखवली नाही. परसात जाऊन कोन खणून आणले. कोन म्हणजे जमिनीत पोसणारा कंद. आमच्याकडे तो सणाला आणि पाहुण्याला राखून ठेवतात. तिने आणलेला एकेक मांडीएवढा होता.

"एवढे मोठे कशाला?"

"परमुलखातली माणसं बघणार म्हंजे बारकं दिऊन कसं चालंल, बाई? आमची काय आबरू हाय का न्हाई?"

गरिबी दाखवायला सांगितली आणि तिने घरातलं सगळ्यात चांगलं काढून दिलं. मलाही त्यात काही चुकलंसं वाटलं नाही. पोतं भरलं आणि मुंबईला जाऊन बोटीवर चढले.

संमेलनाच्या दालनात देशोदेशींच्या भुकेची टेबलं लावली होती, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ घालून. व्यवस्था बघायला एक पाद्री होते. हात लोण्यासारखे, मान कायम तिरकी, हसू कायम तयार. त्यांनी कोन पाहिले आणि नाक मुरडलं. "हे फारच धष्टपुष्ट आहेत. लोकांना वाटेल तुमच्याकडे चंगळ चालते." मग सुरी मागवून त्यांनी एका कोनाचे शेंडेबुडखे कापले, मातीसकट बशीत ठेवले आणि खाली पाटी लावली: 'भुकेपोटी रानातली मुळं उपटून खाणारी माणसं.' मला म्हणाले, भाषण करताना मान खाली असू दे, आवाज बारीक ठेव. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दुपारी हीच मंडळी मटण चापत दारिद्र्यावर चर्चा करत होती. भुकेल्या मुलांबद्दल बोलताना एका बाईसाहेबांना हुंदका आवरेना. तो ओसरल्यावर त्यांनी चीज पुन्हा मागून घेतलं. असली ढोंगी माणसं मी त्याआधी एवढ्या संख्येने एका छपराखाली पाहिली नव्हती.

उरलेले कोन कचऱ्यात जाणार होते. मी पोतं उचललं आणि बाहेर पडले. रेल्वेच्या रुळांच्या मागे, दालनापासून दहा मिनिटांवर, पत्र्याच्या आणि फुटक्या खोक्यांच्या झोपड्या होत्या. गोरी माणसं चिखलात राहतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. एक बाई उघड्या नळावर धुणं धूत होती. थंडीने तिचे हात फुटून रक्ताळले होते आणि गळ्यात माझ्यासारखाच क्रूस होता. तिने माझ्या चपलेतल्या उघड्या पायांकडे पाहिलं, चुकचुकली, आत गेली आणि लोकरीचे मोजे आणून माझ्या हातात कोंबले. मी तिला पोतं दिलं. आम्ही निखाऱ्यात कोन भाजले, मीठ लावून तिच्या पोरांनी खाल्ले, मीही खाल्ला. एकमेकींचा एक शब्दही आम्हाला कळत नव्हता.

दालनात परत आल्यावर मी पाद्रींना विचारलं, मागच्या झोपड्यांचं टेबल कुठं आहे?

"ते नगरपालिकेचं काम," ते हसून म्हणाले. "आपलं मिशन दूरच्यांसाठी."

उद्या व्यासपीठावरून सगळं बोलायचं, असं मी ठरवलं. कोन कुणी दिले, का दिले, आणि मोजे कुणी दिले. रात्रभर इंग्रजी वाक्यं जुळवली. सकाळी वर चढले तर पहिल्या रांगेत जीप मंजूर करणारे गृहस्थ हातात पेन घेऊन बसलेले. मला मांडीवरचं ते डोकं आठवलं. मी मान खाली घातली आणि पाद्रींनी लिहून दिलेला कागद बारीक आवाजात वाचला.

वाचून झाल्यावर कालच्या बाईसाहेब उठल्या. डोळे भरलेलेच होते. "इतक्या भुकेत माणूस दुसऱ्याला काही देत नसेल, नाही का?"

"नाही. देत नाहीत," मी म्हटलं.

एवढं मात्र कागदावर लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांत जास्त टाळ्या मला पडल्या. त्या लोकांची मला शिसारी आली होती, आणि त्यांच्यापेक्षा सराईतपणे खोटं मीच बोलले होते.

जीप आली. पुढच्या वर्षी म्हातारीची धाकटी सून अडली, तेव्हा तिला वेळेवर दांडेलीच्या इस्पितळात पोचवता आलं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. म्हातारी वाडीवरून चालत शाळेत आली आणि भर वर्गात तिने माझे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमी तितं आमचं चांगलं सांगितलासा, म्हनून गाडी आली. आमी कसं एकमेकाला देतो, समदं सांगितलासा न्हवं?"

"व्हय अव्वा," मी म्हणाले, "समदं सांगितलं."