मागितलेलं दारात आलं तेव्हा

जठारपेठेत फॉल-पिको करणाऱ्या जयवंताबाईंचा हात जितका साफ, तितकंच मन संशयी. दूधवाल्याला थांबवून दूध उकळून बघायच्या. कुलूप लावलं की दोनदा ओढायच्या. प्रार्थनेचंही तेच. डोळे मिटून मनापासून मागायच्या आणि 'आमेन' म्हणता म्हणता मनात यायचं, हे काही व्हायचं नाही.

त्यांचं मागणं एकच होतं. ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं म्हणून चांदूर बाजारच्या माहेरानं त्यांना तोडलं. आईवडील तसेच गेले. उरली गावातच दिलेली धाकटी बहीण पौर्णिमा, पण जयवंताबाईंचे यजमान शांतवन वारले तेव्हा तीही मातीला आली नाही. 'देवा, तिला माझ्या दारात आण,' असं त्या वर्षानुवर्षं म्हणत राहिल्या.

मग एका वर्षी पोळा झाला आणि पौर्णिमा खरंच दारात उभी राहिली. हातात पिशवी, गळ्याभोवती गच्च ओढणी.

"राहू देशीन का ताई, महिनाभर?"

जयवंताबाईंनी चहा टाकला, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. आत्ताच कशी आठवण झाली हिला? त्यात जेवताना पौर्णिमानं सहज विचारलं, "हे घर कोनाच्या नावावर हाय?" झालं. घराचे कागद त्यांनी त्याच रात्री कुलपात टाकले.

रविवारी चर्चमध्ये पाळकबाई म्हणाल्या, "देवानं ऐकलं की तुमचं."

"देवानं धाडली का अजून कोनी, ते पाह्यतो ना मी."

"मग इतकी वर्षं मागितलं कुणाकडे?"

जयवंताबाईंना राग आला. त्या तडक घरी निघाल्या.

पौर्णिमा रोज सकाळी 'देवळात जाऊन येतो' म्हणून निघायची आणि दुपारी थकून परतायची. ना प्रसाद, ना कपाळाला अंगारा. शेवटी जयवंताबाईंनी रिक्षा केली आणि तिच्या मागे गेल्या. देऊळ मागे पडलं. पौर्णिमा एका मोठ्या दवाखान्यात शिरली आणि कॅन्सरच्या विभागाबाहेर बाकड्यावर बसली. ओढणी सोडलेली. गळ्यावर किरणांच्या उपचारासाठी शाईच्या रेघा मारलेल्या.

जयवंताबाई शेजारी जाऊन बसल्या. "काहून सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तं तू म्हनली असती, गरज पडली म्हून आली." पौर्णिमा जमिनीकडे बघत होती. "नागपुरात ननंद हाय माही. तिथं बी दवाखाने हायेत. पन मले तुह्याच घरी यावं वाटलं."

"अन् घराचं काहून इचारलं?"

"पोरीच्या नावावर घर करून ठेवाचं हाय. कसं करतात, ते तुले मालूम असंन म्हून."

जयवंताबाईंना मान वर करवेना. पौर्णिमाच म्हणाली, "तुह्या देवाले सांग माह्यासाठी."

त्यांनी तिचा हात धरून डोळे मिटले. नेहमीचा विचार आलाच, हे काही व्हायचं नाही. पण जिच्याविषयी तेच वाटत आलं होतं, तिचा हात आता त्यांच्या हातात होता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मागितलं. उपचार संपेपर्यंत रोज त्याच बाकड्यावर त्या मागत राहिल्या. शंका आली की न चिडता पुन्हा सुरुवात करायच्या.

दिवाळीनंतरच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, गाठ विरली आहे, पण दर तीन महिन्यांनी यावं लागेल. पौर्णिमाचा आवाज घोगरा झाला तो झालाच. त्याच आवाजात ती चांदूरहून फोन करते, "येऊन राहिली व ताई, शुक्रवारी." जयवंताबाई आता का म्हणून विचारत नाहीत. खाट झटकून ठेवतात. दूध मात्र अजून दूधवाल्यासमोरच उकळतात.