सरांचं निदान

परळच्या रुग्णालयात आमच्या सरांचं एक निदान कधी चुकत नसे: कोणाचे वडील डॉक्टर आहेत, हे ते विद्यार्थ्याच्या बुटांवरून ओळखत. माझे बाबा शिवडीच्या गोदामात कामाला.

राउंडला पेशंटचं पोट तपासून मी म्हणालो, "सर, मला वाटतं लिव्हर वाढलंय."

"वाटतं? चाळीत गप्पा मारतोयस का?" सगळे हसले.

शेजारच्या डॉक्टरपुत्राने तेच इंग्रजीत सांगितलं.

"गुड. बाबांना नमस्कार सांग."

त्यानंतर मी वॉर्डात तोंड उघडलं नाही. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही गप्प राहिलो आणि नापास झालो.

पुढच्याच महिन्यात सरांनी विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास कसा वाढवावा यावर व्याख्यान दिलं. मी मागच्या रांगेत नापास झालो त्या विषयाचं पुस्तक पुन्हा वाचत बसलो होतो.