नॉर्वे पहिल्या गटात

नव्वदच्या दशकात मी कानडी मुलखात, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होतो. निरनिराळ्या देशांचे आकडे वाचून कुठलं जगणं किती सुखाचं, हे आपलं आपण शिकणारा प्रोग्राम आम्ही बनवत होतो. संध्याकाळच्या बसमध्ये मी मित्राला तेच सांगत होतो, तेव्हा शेजारी इवलासा स्वेटर विणत बसलेल्या बाई सुया थांबवून माझ्याकडे वळल्या. रोज दिसायच्या, पण मराठी आहेत हे तेव्हाच कळलं.

"अण्णा, त्यात नॉर्वे स्वल्प, थोडंसं बघून सांगता काय? लेक तिथं आहे, पहिलंच बाळंतपण. मला जायला जमत नाही."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी त्यांना सांगितलं, "अक्का, नॉर्वे सगळ्यात वरच्या गटात आलाय. बाळबाळंतिणीची तिथं फार चांगली काळजी घेतात."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हसत हसत कंडक्टरपासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना कानडीत ती बातमी सांगितली. आमच्या आकड्यांनी कुणाला इतका आनंद होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"सरी, बरं झालं, आता झोप लागेल," असं म्हणून त्या माझ्या शेजारी टेकल्या, आणि कोरमंगला यायच्या आत माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपल्या.