आक्का पहाटे चारला का उठायची

माझी आक्का शिस्तीची नव्हती. ती घाबरलेली होती.

आज तिचा दहावा. लातूरला तिच्या मेससमोर फ्लेक्स लागलाय. वर आक्काचा फोटो, कुणाच्या तरी लग्नातला, क्रॉप केलेला. खाली क्लासवाल्या सरांचं वाक्य: "रोज पहाटे चारला उठा, यश तुमच्या दारात."

याच सरांनी शोकसभेत माईक धरून सांगितलं, की बाई शिकलेली नव्हती, पण डिसिप्लिन बघा. एका स्टोव्हवरून एवढी मोठी मेस उभी केली. डबा कधी चुकला नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.
शोकसभेत.

मी तिची धाकटी बहीण, नांदेडहून गेलेली. मला कुणी बोला म्हणालं नाही. म्हणून इथे लिहितेय.

माहेरी असताना आक्का एक नंबरची झोपाळू होती. आईने तोंडावर पाणी मारल्याशिवाय उठायची नाही. सासरीही जावा टोमणे मारायच्या, हिला फरक पडायचा नाही.

मग भूकंप झाला.

आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळं गाव दमून झोपलेलं. पहाटे तिच्या लहानग्या लेकीने, सुनीने, तिला हलवलं. आई, बाहेर जायचंय.

आक्का झोपेतच म्हणाली, "निज गं. उजाडू दे."

थोड्याच वेळात माळवद खाली आलं. दगडमातीचं सगळं. आक्काला आणि दाजींना लोकांनी ओढून काढलं. सुनीपर्यंत हात पोचायला उशीर झाला.

त्यानंतर माझी बहीण त्या वेळेला कधीच झोपली नाही.

लातूरला आली तरी चारच्या आधी डोळे टक्क उघडे. नुसतं बसवेना म्हणून स्टोव्ह पेटवायची. तेव्हा क्लासचं पेव फुटलेलं. बाहेरगावची पोरं उपाशीपोटी क्लासला पळायची. त्यांना डबा द्यायला लागली.

धंदा वाढला. खोटं कशाला बोलू, त्या रोजच्या उठण्यानंच वाढला. वरण तर तिचं पाण्यासारखं असायचं. पण वेळेवर असायचं. चाकूर, हिमायतनगरहून आईबाप पोरं घेऊन तिचंच नाव विचारत यायचे.

पोरांसाठी तिने स्लॅबची बिल्डिंग बांधली. स्वतः शेवटपर्यंत अंगणात पत्र्याखाली झोपली.

माझ्या घरी एक रात्र राहिली नाही. माझ्या लेकीच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि जेवायच्या आधी एसटी धरली. मी फोनवर भांडले. म्हटलं, एक दिवस डबा नाही दिला तर पोरं मरतील का?

"डब्याचं काय न्हाई गं," म्हणाली. "स्लॅबखाली माझा डोळा लागत न्हाई. अन् पहाटं उठून तुझ्या घरी मी काय करू? इथं निदान पीठ मळता येतंय."

सर, हे टाका फ्लेक्सवर.

तुमच्या पोरांना चारला उठवायला अलार्म लावा, व्हिडिओ दाखवा, काय करायचं ते करा. आक्काला जे उठवत होतं, ते मात्र कुणाच्या लेकरावर येऊ नये.

दवाखान्यात शेवटच्या पहाटे मी तिच्याजवळ होते. चार वाजून गेले. आक्का झोपलेलीच. श्वास संथ, कपाळावरची आठी गेलेली. नर्स उठवायला आली तर मी म्हटलं, राहू द्या.

उजाडलं तेव्हा ती गेली होती.

लोक म्हणतात, बहीण रडली कशी नाही. काय सांगू त्यांना? मला आधी बरंच वाटलं.

आक्का, निज गं.
डबे जातील उशिरा. आता उजाडलं तरी उठू नको.